मताची पैसेवारी

सोयाबीन काढणीला आलं की जालना जिल्ह्याच्या बदनापूर तालुक्यातल्या एखाद्या वावरात तलाठी, कृषी सहायक, विमा कंपनीचा माणूस आणि गावातले दोन-चार पंच दोरी, टेप, खुंट्या घेऊन उतरतात. वावर त्यांनी पसंत केलेलं नसतं. गट नंबर आकड्यांच्या तक्त्यातून, चिठ्ठी काढावी तसा आलेला असतो. वावरात कुठं उभं राहायचं हेही त्यांच्या मर्जीवर नसतं. नैऋत्येच्या कोपऱ्यापासून किती पावलं आडवी आणि किती उभी चालायची ते पुन्हा आकडेच सांगतात. तिथं खुंट्या ठोकून ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं, पंचांसमोर वजन करायचं आणि फोटो अ‍ॅपवर चढवायचे. हा पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात असे मोजकेच प्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवर सगळ्या मंडळाची विमा भरपाई ठरते. २०२५ च्या खरिपात राज्यानं एक रुपयातला पीक विमा बंद करून भरपाईचा मुख्य भार या प्रयोगांवर टाकला, तेव्हापासून या चौकोनाकडं शेतकरी जरा जास्तच निरखून बघायला लागला आहे.

त्याची तक्रार एकच असते. माझं वावर पाण्याखाली गेलं, प्रयोग झाला दुसऱ्याच्या माळावरच्या वावरात, मग माझं काय? तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर नाही, कारण तो आकडा त्याच्या वावराविषयी काही बोलतच नाही. तो मंडळाविषयी बोलतो. निवडणुकीच्या अंदाजाविषयी हीच तक्रार पारावर वेगळ्या शब्दांत ऐकू येते: आमच्याकडं तर कुणी विचारायला आलंच नाही, मग ह्यांना कसं कळलं कोण येणार ते?

या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. मूठभरावरून सगळ्याचा अंदाज बांधायची विद्या आपल्याकडं मतांच्या आधी पिकांवर तासून निघाली, आणि ती तासणाऱ्यांत मराठी माणसं पुढं होती. मग ती विद्या राजकारणात आली तेव्हा तिचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

पीक कापणीच्या आधी होती आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी. नजर अंदाज पैसेवारी हे सरकारी नाव आजही टिकून आहे आणि ते अगदी प्रामाणिक आहे. गावच्या समितीनं शिवारावर नजर टाकायची आणि पीक रुपयात किती पैसे आलं ते सांगायचं. पन्नास पैशांच्या खाली गेलं तर टंचाईच्या सवलती, वर राहिलं तर काही नाही. आता बघणाऱ्याचा स्वार्थ बघा. गावाला वाटतं आकडा खाली यावा, सरकारी तिजोरीला वाटतं वर राहावा. त्यामुळं पैसेवारी बावन्न आली की अठ्ठेचाळीस, यावर मराठवाड्यात मोर्चे निघाले आहेत. पीक तेच, जमीन तीच, फरक नजरेचा.

ही नजर काढून टाकायची कशी, हा प्रश्न १९३० आणि १९४० च्या दशकांत दोन बाजूंनी हाताळला गेला. बंगालात प्रशांतचंद्र महालनोबीस तागाच्या पिकाची नमुना पाहणी करत होते. दुसरीकडं सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीची पद्धत बसवायला लागले. दोघांचं तत्त्व एक: कुठलं शेत बघायचं हे बघणाऱ्यानं ठरवायचं नाही, ते नशिबावर सोडायचं. वाद झाला तो चौकोनाच्या मापावरून. महालनोबीसांचा भर लहान लहान तुकडे पुष्कळ घ्यायचे, आणि तेही खास तयार केलेल्या माणसांकडून, यावर होता. सुखात्म्यांचं म्हणणं असं की मोठा चौकोन घ्या आणि गावात आहेच ती महसूल खात्याची माणसं वापरा. चौकोन फार लहान झाला की उत्पादन फुगून दिसतं. त्याचं कारण मोठं मार्मिक आहे. दोरी ताणल्यावर काही झाडं नेमकी रेषेवर येतात. ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत आत धरतो. चौकोन जितका लहान तितकी त्यात रेषेवरच्या झाडांची मात्रा जास्त, म्हणून चूकही जास्त. यात कुणी लबाडी केलेली नसते. कशी चुकते हे शोधून काढलं म्हणून ती पद्धत सुधारली.

पुढं सुखात्म्यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत शेतीतल्या संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिलं. १९५४ चं ते पुस्तक कृषी विद्यापीठांत ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखलं जातं. त्यातली रीत बघायला लांब जायला नको. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कडधान्यांचं संशोधन केंद्र बदनापुरात आहे. मराठवाड्यात पेरली जाणारी बीडीएन ७११ तूर तिथलीच. बीडीएन म्हणजे बदनापूर. अशा वाणाची चाचणी घेताना तो एका सलग पट्ट्यात पेरून चालत नाही. इकडं जमीन एका बांधावर काळी भारी तर दुसऱ्या बांधावर मुरमाड. म्हणून जमिनीचे गट पाडतात, प्रत्येक गटात सगळे वाण घेतात आणि कुठला कुठं पेरायचा ते चिठ्ठीवर सोडतात. मतदार पाहणीत शहर-खेडं, जात, वय, बाई-पुरुष असे थर पाडून माणसं निवडतात, त्यामागं हेच डोकं आहे. बदनापूरकरांना ही कल्पना परकी वाटायचं काही कारण नाही. ती केंद्राच्या शिवारात दरसाल पेरली जाते.

मतांच्या बाबतीत हा धडा अमेरिकेनं १९३६ मध्ये चांगलाच चटका बसून घेतला. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना पत्रं धाडली, तेवीस लाखांच्या आसपास उत्तरं आली आणि लँडन निवडून येणार असं छापलं. निवडून आले रूझवेल्ट, तेही अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्यं जिंकून. जॉर्ज गॅलपनं कितीतरी कमी माणसांना विचारून रूझवेल्ट येणार हे सांगितलं होतं. डायजेस्टच्या याद्या टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या होत्या, आणि उत्तर धाडायची तसदी घेणारेही ठरावीक वृत्तीचे होते. तेवीस लाख माणसं चुकीची असली तर त्यांच्यापेक्षा दोन हजार बरी. आजही एखादी वाहिनी ‘आम्ही इतक्या लाख लोकांशी बोललो’ असं छाती फुगवून सांगते तेव्हा मला त्या पत्रांचे ढीग आठवतात. हजार माणसं नीट निवडली तर साधारण तीन टक्क्यांच्या आतबाहेर अंदाज येतो. चूक निम्मी करायची तर चार हजार लागतात. त्यापुढं संख्या वाढवून फारसं काही हाती लागत नाही. निवड बिघडली असेल तर मुळीच लागत नाही.

आपल्याकडं एरिक डिकोस्टा यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत लोकमताची पाहणी करणारी संस्था काढली आणि १९५७ च्या लोकसभा निवडणुकीआधी पाहणी केली. पण त्या वर्षी महाराष्ट्रात कुणाला पाहणीची गरज वाटत नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना माणसांचा समुद्र लोटत होता, आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात निघाला होता, आणि गर्दी हाच पुरावा होता. मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात तो पुरावा खराही ठरला. मराठवाड्यात काँग्रेसनं मात्र आपला जम राखला. नुकतंच निजामाच्या राज्यातून आणि मग हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलेल्या या भागाचा कौल शिवाजी पार्कात उभं राहून दिसणार नव्हता. सभेची गर्दी आणि डायजेस्टची पत्रं, दोन्ही स्वतःहून आलेल्यांची मोजणी. न आलेल्याचं काय, हे त्यातून कळत नाही.

तरीही पुढची वीस-पंचवीस वर्षं मराठी वृत्तपत्रांनी गर्दीवर, गाठीभेटींवर आणि वार्ताहराच्या नाकावर भागवलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. औरंगाबादचा ‘मराठवाडा’ हे या भागाचं मुखपत्र, त्याचे संपादक अनंत भालेराव. तालुक्याच्या गावचा वार्ताहर बहुधा शिक्षक, वकील नाहीतर दुकानदार असायचा. बातमी पोस्टानं किंवा एसटीच्या कंडक्टरच्या हातून जायची. त्याच्या अंदाजात त्याची जात, त्याचा पक्ष, त्याची उधारी सगळं मिसळलेलं असणार. ती नजर अंदाज पैसेवारीच. पण तो माणूस बाजारच्या दिवशी अडतीवर बसायचा आणि ज्याच्याविषयी लिहायचा त्याला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचा. हे मी त्या काळाचे गोडवे गायला सांगत नाही. ते वार्ताहर पुष्कळदा साफ आपटले. १९७७ घ्या. आणीबाणीत वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप, लोकांच्याही. निवडणूक लागली तरी कुणी मोकळं बोलत नव्हतं. निकाल लागला तेव्हा जालन्यातून जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले होते. मतदारानं गप्प राहून काय ठरवलं आहे हे मतपेटी फुटल्यावरच कळायचं. सगळ्यात मोठी अडचण ही, की विचारणारा सरकारचा की आणखी कुणाचा, हे समोरच्याला ठाऊक नसतं. तेव्हाची ही अडचण आजही जागची हललेली नाही.

याच काळात एक वेगळी वाट निघाली होती, तिच्याकडं आपल्या माध्यमांनी पुरेसं पाहिलं नाही. १९६३ मध्ये रजनी कोठारी यांनी दिल्लीत विकसनशील समाज अध्ययन केंद्र, म्हणजे सीएसडीएस, स्थापन केलं आणि १९६७ पासून तिथं राष्ट्रीय निवडणूक अभ्यास सुरू झाला. कोण येणार हा त्यांचा प्रश्नच नव्हता. मत दिलं ते का दिलं, कुणाशी बोलून दिलं, सरकार कशासाठी असतं असं वाटतं, हे ते विचारत. मतदान झाल्यावर घरी जाऊन विचारायचं. कुणाला दिलं ते तोंडानं सांगायला नको म्हणून खोटी मतपत्रिका द्यायची, ती माणसानं खूण करून घडी घालून पेटीत टाकायची. निष्कर्ष यायला वेळ लागे. त्यात बातमी नव्हती, समज होती. आणि समज खपत नाही.

खपला तो जागांचा अंदाज. १९८० च्या दशकात प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड बटलर यांच्यासोबत भारतीय निवडणुकांचे जुने निकाल चाळून एक गणित बसवलं. मतं किती टक्के झुकली आणि विरोधक किती एकवटले, या दोन गोष्टींवरून जागा किती फिरतील ते काढायचं. १९८४ मध्ये काँग्रेसची लाट येणार हे त्यांनी ‘इंडिया टुडे’तून आधीच सांगितलं. पुढं दूरदर्शनवर निकालाच्या रात्री हे गणित घराघरांत पोचलं. मतपत्रिका हातानं मोजायच्या, मोजणी दिवसरात्र चालायची, मधल्या वेळात हिंदी सिनेमा लावायचे आणि सिनेमा थांबवून आकडे सांगायचे. गल्लीत एक टीव्ही, अंगणात वीस माणसं. निवडणूक बघायची गोष्ट झाली ती इथून. गणित हुशारीचं होतं आणि मला त्याचं कौतुक आहे. पण त्यानं एक सवय लावली: लोकमत म्हणजे जागांचा आकडा.

मतांवरून जागा काढणं किती निसरडं, हे महाराष्ट्रानं २०२४ च्या लोकसभेत दाखवलं. महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या राज्यातल्या एकूण मतांत जेमतेम अर्ध्या टक्क्याच्याही आतलं अंतर होतं. जागा मात्र तीस आणि सतरा, एक सांगलीत अपक्षाची. मतांचा अंदाज तंतोतंत बरोबर काढणारा माणूसही जागांत तोंडावर पडला असता. १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या झळकल्या. अ‍ॅक्सिस माय इंडियानं देशभरात पाच लाखांहून जास्त मुलाखती घेऊन राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या. मिळाल्या २९३. त्या संस्थेचे प्रमुख ४ जूनला वाहिनीच्या स्टुडिओत रडले आणि ते रडणंच दिवसभराची बातमी झालं. देशानं काय सांगितलं हे बाजूला. अंदाजवाल्याचं काय झालं हे मध्यभागी.

आता जालन्याकडं या. भाजपचे रावसाहेब दानवे इथून १९९९ पासून लोकसभेवर सलग पाच वेळा निवडून आलेले. २००९ मध्ये काँग्रेसच्या कल्याण काळ्यांनी त्यांना घाम फोडला होता, तेव्हा आठ-साडेआठ हजारांनी वाचले. २०१९ मध्ये विलास औताडे यांच्याविरुद्ध मताधिक्य तीन लाखांवर गेलं. दानवे तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते, आणि ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली ती बदनापूरवरूनच गेली. वाहिन्यांनी ती गाडी छान दाखवली. त्याआधी चार महिने, १ सप्टेंबरला, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाच्या जागी लाठीमार झाला आणि देशभरातले कॅमेरे तिथं लोटले. बदनापूर विधानसभा मतदारसंघात अंबडचाही भाग आहे, त्यामुळं हे काही लांबचं प्रकरण नव्हतं. अंतरवालीतल्या हालचाली महिनोन्‌महिने थेट दिसत होत्या. दिसत नव्हतं ते शेजारच्या गावातलं. तिथला मराठा काय बोलतोय, ते ऐकून ओबीसी काय ठरवतोय, दलित आणि मुसलमान वस्तीत संविधानाची चर्चा कुठवर गेली आहे, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकून आलेल्या माणसाला गाडीच्या वेगाचं किती कौतुक आहे. हे सगळं एका ठिकाणी उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमधून कसं कळणार?

१३ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं. मतं तीन आठवडे यंत्रात बंद. निकालात काळे एक लाख नऊ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. आणि मंगेश साबळे या अपक्ष तरुण सरपंचानं दीड लाखांच्या पुढं मतं घेतली. राज्यपातळीच्या चाचणीत असा उमेदवार ‘इतर’ या रकान्यात जातो. दीड लाख माणसं ‘इतर’! मराठवाड्याच्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली. मग नोव्हेंबरात विधानसभा. जरांगे यांनी उमेदवार द्यायची भाषा केली आणि ४ नोव्हेंबरला माघार घेतली. ऑगस्टपासून बायकांच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये पडायला लागले होते. २३ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा जालना जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीच्या. बदनापूर या राखीव मतदारसंघात भाजपचे नारायण कुचे सलग तिसऱ्यांदा. घनसावंगीत राजेश टोपे पडले. राज्यात महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांचे मिळून २३० आमदार. या वेळी बहुतेक चाचण्यांनी महायुतीला पुढं दाखवलं होतं, पण २३० च्या आसपास क्वचितच कुणी पोचलं.

सहा महिन्यांत हा पालट. दोन्ही वेळा चुकीची दिशा एकच, असंही नाही. जूनमध्ये सत्तेकडच्यांना जास्त दिलं, नोव्हेंबरात कमी. हे बघून काही लोक म्हणतात की चाचण्या म्हणजे थोतांड, पैसे खाऊन काढतात. तसंही झालेलं नाही असं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत एका वाहिनीनं छुप्या कॅमेऱ्यानं काही संस्थांचे लोक आकडे वाकवायला तयार असल्याचं दाखवलं होतं. पण सगळ्या चुकांचं खापर लबाडीवर फोडलं की विचार करायचं राहून जातं. मला सुखात्म्यांची ती रेषेवरची झाडं जास्त महत्त्वाची वाटतात.

पाहणीवाला पोरगा हातात टॅब घेऊन हॉटेलावर येतो. अंगात शहरातला शर्ट, बोली पुण्या-नाशकाकडची.

‘काका, मत कुणाला देणार?’

‘देऊ की. मत काय, द्यावंच लागतं.’

‘म्हणजे कुणाला?’

‘सगळेच चांगले हायेत, बाप्पा. गाव जिकडं तिकडं आम्ही.’

‘एक नाव सांगा ना काका.’

काका आजूबाजूला बघतात. बाजूच्या बाकावर कोण चहा पीत बसलंय, पोऱ्या कुठल्या पक्षाचा वाटतो, याचा अंदाज घेतात आणि ज्याचं नाव घेतल्यानं कुणाशी वाकडं येणार नाही असं नाव सांगतात. पोरगा खूण करतो. काका रेषेवर उभे होते. खूण करणाऱ्या बोटानं त्यांना आत घेतलं. जिथं एका पक्षाचं वजन आहे तिथं हे आत घेणं नेहमी एकाच बाजूला होतं. जूनच्या आकड्यांत ही गोम असावी, असं मला वाटतं. नोव्हेंबरात गोम दुसरीच असावी. हॉटेलाच्या बाकावर बाई नसते. दुपारी दारावर गेलं तर ती सोयाबीनच्या खळ्यावर नाहीतर कापसाच्या वेचणीला; संध्याकाळी गेलं तर तिच्या वतीनं घरातला पुरुष बोलतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर कुठल्याच दारात सापडत नाहीत. दीड हजार रुपये जिच्या खात्यावर पडले तिचंच उत्तर नमुन्यात सर्वांत पातळ.

संख्याशास्त्राला ही दुखणी माहीत आहेत आणि त्यावर उताराही माहीत आहे: बाई विचारायला बाई पाठवा, खोटी मतपत्रिका द्या, किती जणांनी उत्तर नाकारलं ते छापा. त्याला वेळ लागतो आणि पैसा लागतो. घाई कुणाला आहे? वाहिनीला. मराठीत चोवीस तासांच्या बातम्या २००७-०८ च्या सुमारास सुरू झाल्या. तेवढे तास भरायला तालुक्यातालुक्यात माणूस ठेवणं महाग. स्टुडिओत चार पक्षांचे चार प्रवक्ते आणि एक आकडा ठेवणं स्वस्त. त्याच सुमारास, २००९ मध्ये, लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचणी दाखवायला बंदी आली. हेतू चांगला, पण परिणाम असा की शेवटच्या दिवशी साडेसहाला सगळ्या वाहिन्यांवर एकदम धुरळा उडतो. निकाल दोन-तीन दिवसांवर असतो. ज्या आकड्यानं कुणाचं मत बदलणार नाही आणि जो तीन दिवसांत शिळा होणार, त्यावर इतका खर्च कशासाठी, हा प्रश्न मला दर निवडणुकीत पडतो.

त्याच २००९ मध्ये मराठवाड्यातल्याच नांदेड जिल्ह्यानं दुसरी बाजू दाखवली. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लिहिलं की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचे जवळजवळ शब्दशः सारखे मजकूर वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आले आहेत. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं, खर्चाच्या हिशेबावरून आयोगानं २०१४ मध्ये नोटीस काढली, ती दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली. कायद्याच्या अंगानं ते तिथं संपलं. पण पेड न्यूज हा शब्द गावोगाव पोचला तो तेव्हा. त्यानंतर तालुक्याच्या वार्ताहराची बातमी वाचताना माणूस आधी ती कुणी टाकायला लावली हे बघतो. जाहिरात आणून द्यायचं कामही त्याच वार्ताहराच्या गळ्यात असतं, हे वाचकाला ठाऊक आहे. म्हणजे ज्याच्या नजरेला आपण पैसेवारी म्हणून हसत होतो, तो बघणाराच गेला आणि त्याच्या जागी आकडा आला.

माझी खरी तक्रार इथं आहे. पाहणी करणारा बदनापुरात आला नाही तरी चालतं. राज्याचा नमुना नीट काढला असेल तर बदनापूर त्यात असलंच पाहिजे असं नाही. पानसे-सुखात्मे वाचलेला कृषीचा विद्यार्थीही हे सांगेल. बातमीदार आला नाही तर मात्र चालत नाही. पाहणी ‘किती’ हे सांगू शकते, ‘कसं’ हे जरा सांगू शकते. कुणाच्या घरात काय बोलणं झालं, कुठल्या गावात दोन गट कशावरून एक झाले, हे तिच्या बाहेरचं आहे. आपण नमुन्यावर राग काढतो, कारण त्यानं वार्ताहराचं काम करावं अशी अपेक्षा ठेवली. आणि ती अपेक्षा वाहिन्यांनी मुद्दाम वाढवली, कारण त्यांनी वार्ताहर काढून टाकले होते.

तज्ज्ञांचीही घसरण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएसच्या ‘लोकनीती’ या पाहणी-कार्यक्रमाचे सहसंचालक संजय कुमार यांनी रामटेक आणि देवळाली या मतदारसंघांतल्या मतदारसंख्येचे चुकीचे आकडे समाजमाध्यमावर टाकले. ओळी इकडच्या तिकडं झाल्या होत्या. त्यांनी मजकूर काढून माफी मागितली, तरी महाराष्ट्रात गुन्हे दाखल झाले आणि सर्वोच्च न्यायालयाला कारवाई थांबवावी लागली. ती चूक गंभीर होतीच, पण पाहणीशी तिचा संबंध नव्हता. तो नुसता सरकारी तक्ता होता, कुणीही ताळून पाहावा असा. आधी तो ताळून न बघता चर्चासत्रं मात्र दोन्ही बाजूंनी रंगली.

ताळून बघायची सोय आपल्याकडं खरं तर उत्तम आहे. प्रत्येक निवडणुकीनंतर नमुना २० जाहीर होतो, त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. अंदाज नाही, मोजलेलं. बदनापूर मतदारसंघातली मे आणि नोव्हेंबर २०२४ ची दोन भेंडोळी शेजारी ठेवली तर कुठल्या गावानं कूस बदलली आणि कुठलं ढिम्म राहिलं ते एका दुपारी काढता येईल. त्यातली सर्वांत जास्त बदललेली चार गावं निवडायची आणि सर्वांत कमी बदललेली चार. मग मोटारसायकलला किक मारायची आणि तिथं जाऊन बसायचं: मंदिराच्या ओट्यावर, बौद्धवाड्यात, बचत गटाच्या बैठकीत, ऊसतोडीवरून परत आलेल्यांच्या दारात. निवडणूक होऊन गेलेली असते, त्यामुळं नाव सांगायची कुणाला भीती नसते. लोक बोलतात, जरा फुगवूनही बोलतात. सोयाबीनचा भाव काय मिळाला, खात्यावर पैसे कधी पडले, वंदे भारतमध्ये गावातलं कुणी बसलंय का, साबळ्यांना मत देणारी पोरं नोव्हेंबरात कुठं गेली, आणि जरांगे यांनी माघार घेतली त्या रात्री ओट्यावर काय बोलणं झालं.